सेंट थॉमस, नेवाडा : वाळवंटात वसवलेलं गाव, पाण्यात गेलेलं गाव

निवडुंग

लास वेगासला गेलेला आपला माणूस काय करतो, तर स्ट्रिपवर फिरतो, हूवर डॅमवर उभा राहून फोटो काढतो, ग्रँड कॅनियनची बस पकडतो आणि परत. त्याच धरणाने गिळलेलं एक अख्खं गाव वेगासपासून तास-सव्वा तासावर उघडं पडलंय आणि तिथे कुत्रं फिरकत नाही. धाकटा भाऊ तिकडे असतो, त्याच्याकडे गेलेलो असताना बघून आलो, मग त्यावर हाताला लागेल ते वाचत सुटलो, आणि आता घरचे ऐकून घेत नाहीत म्हणून तुम्हाला पिडतोय. धागा लांबणार आहे. बोअर होईल त्यांनी पाककृती विभागात जावं, तिथे आंब्याच्या लोणच्यावरून मारामारी चालूच आहे.

गावाचं नाव सेंट थॉमस. नकाशात लेक मीड उघडा, म्हणजे हूवर डॅममागचं तळं, त्याची एक शेपटी उत्तरेला गेलेली दिसेल, त्या शेपटीच्या टोकाशी. मडी नावाची छोटी नदी इथे व्हर्जिन नदीला मिळायची आणि व्हर्जिन पुढे खाली कोलोराडोला. आजूबाजूला मोहावीचं वाळवंट, वर्षाला चार-पाच इंच पाऊस, उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला जातो आणि तिथेच मुक्काम करतो. पण मडी नदी मोआपाच्या कोमट झऱ्यांतून निघते, त्यामुळे बारमाही. तिच्या जिवावर सगळा खेळ.

१८६५ च्या जानेवारीत थॉमस स्मिथ नावाच्या माणसाच्या पुढारपणाखाली मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची कुटुंबं गाडी-बैलं घेऊन इथे उतरली. हौस म्हणून नाही आली. त्यांच्या चर्चचा प्रमुख ब्रिगहॅम यंग युटात, सॉल्ट लेक सिटीत बसून कोणी कुठे जाऊन गाव वसवायचं ते ठरवायचा, तुमचं नाव निघालं की घरदार विकून निघायचं. बदलीची ऑर्डर समजा, फक्त टीए-डीए नाही.

आता इथेच का, तर कारणं दोन. एक म्हणजे कापूस. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, दक्षिणेचा कापूस बंद, कपडा महाग, म्हणून युटाच्या दक्षिणेला उष्ण पट्ट्यात आपला आपण कापूस पिकवायचा असं चर्चने ठरवलं. दुसरं म्हणजे वाहतूक. कोलोराडो नदीतून आगबोटी वर येत होत्या, तर समुद्रमार्गे माल आणि माणसं आणायची, बोटीने जमेल तितकं वर यायचं आणि पुढे गाड्यांनी युटात. त्यासाठी अँसन कॉल नावाच्या गृहस्थाने १८६४ च्या डिसेंबरात नदीकाठी दगडी गोदाम बांधायला घेतलं, ते कॉलव्हिल. सेंट थॉमस त्या वाटेवरचं ठाणं. कागदावर झक्कास प्लॅन होता. १८६९ ला अमेरिकेच्या आरपार रेल्वे जोडली गेली आणि कॉलव्हिलची गरज त्या वर्षीच संपली, गोदाम ओस. (ते गोदामही आता तळ्याच्या तळाशी आहे.)

पण सेंट थॉमसची माणसं तोवर जमिनीत पाय रोवून बसली होती. गावात घराचा प्लॉट, गावाबाहेर द्राक्षांचा तुकडा, त्याच्या पलीकडे शेत अशी आखणी. घरं कच्च्या विटांची. मडीला झाडाझुडपांचे बांध घालून पाट काढले, बांध पुरात वाहून जायचे, परत घालायचे. नदीकाठी दलदल, तिथले डास आणि हिवताप, जमीन ठिकठिकाणी खारवट. तरी गहू काढला, कापूस काढला, तो कापूस वॉशिंग्टन नावाच्या युटातल्या गावी गिरणीत जायचा. शेजारी सेंट जोसेफ, ओव्हरटन, वेस्ट पॉइंट अशी भावंडं गावंही उभी राहिली.

आणि गंमत बघा, ज्याच्या हुकमावरून ही माणसं पाच वर्षं उन्हात भाजत होती तो ब्रिगहॅम यंग स्वतः हा मुलूख बघायला आला १८७० च्या मार्चमध्ये. बघून नाखूश झाला म्हणे.

पुढचं जेवण झाल्यावर लिहितो.

मोगरा_९

वाचतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. आणि फोटो?

शंकासुर

रोचक. पण यात विशेष काय, अमेरिकेच्या पश्चिमेला शेकड्याने भुताची गावं आहेत. खाण संपली, गाव संपलं. तुमचं कापूस संपलं, गाव संपलं असं दिसतंय.

निवडुंग

@शंकासुर, तेच तर. खाण नव्हती आणि कापूसही कारण नाही. पुढे वाचा.

@मोगरा, फोटो भावाच्या फोनमध्ये आहेत, त्याला तीनदा मेसेज करून झालेत.

तर सरकारी घोळ. हे लोक समजत होते की आपण युटात आहोत, कर भरायचे तेही युटाला. त्याच सुमारास ॲरिझोना टेरिटरी (म्हणजे अजून राज्य न झालेला प्रदेश) म्हणत होती की हे आमचं, त्यांनी पाह-यूट नावाची काउंटी केली आणि सेंट थॉमस काही काळ तिचं मुख्य ठाणं होतं. त्यातच १८६६ ला काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, नेवाडा राज्याची पूर्वेची हद्द एक अंशाने पुढे सरकवली आणि ॲरिझोनाचा कोपराही नेवाडाला दिला. युटाने १८६९ ला आणखी आपली रिओ व्हर्जिन नावाची काउंटी काढली. म्हणजे एक गाव, पाट खणणारी चार टाळकी, आणि त्यांच्यावर हक्क सांगणारी तीन सरकारं! १८७० च्या अखेरीला मोजणी झाली तेव्हा ठरलं की गाव नेवाडात आहे.

मग नेवाडाच्या लिंकन काउंटीने मागच्या वर्षांचा थकलेला कर मागितला. आणि मागितला तो नाण्यात, खणखणीत. ही मेख नीट समजून घ्या. युटात कर धान्याने, मालाने देता यायचा, चर्चचा दशमांशही तसाच जायचा. गावात नाणं जवळपास फिरतच नव्हतं, माझा गहू तू घे, तुझं वासरू मला दे, यावर सगळं चालायचं. नेवाडा खाणींचं राज्य, चांदी-सोन्यावर चालणारं, तिथले कराचे दरही त्याच हिशेबाचे. शेतकऱ्याला सांगितलं की पाच वर्षांचं सोन्यात आण, तर तो कुठून आणणार? त्यांनी काँग्रेसकडे अर्ज केले, आम्हाला परत युटात घाला म्हणून, काही झालं नाही.

१८७० च्या डिसेंबरात सभा होऊन ठरलं की सोडायचं. विरोधात राहिला डॅनिएल बोनेली नावाचा एक स्विस माणूस आणि त्याचं कुटुंब. १८७१ च्या फेब्रुवारीपासून माणसं निघाली. बांधलेली घरं, पाट, लावलेली झाडं, शेतात उभा गहू, सगळं तिथेच. त्यातले बरेच युटातल्या लाँग व्हॅलीत गेले आणि त्यांच्यातल्याच लोकांनी १८७५ ला ऑर्डरव्हिल नावाचं गाव वसवलं, जिथे सगळी मालमत्ता सामाईक आणि जेवणही एका पंगतीत. तो वेगळाच विषय आहे, कोणीतरी धागा काढा.

बोनेली मात्र राहिला. नंतर तो खाली व्हर्जिन आणि कोलोराडोच्या संगमावर गेला, तिथे नदीपार नेणारी होडी चालवली, खाणींना भाजीपाला, गवत आणि मीठ विकलं. मीठ कारण त्या भागात मिठाचे डोंगर आहेत, अक्षरशः.

शंकासुर

म्हणजे कर चुकवायला पळाले. एवढं सरळ आहे. आणि याला पायोनियर म्हणायचं?

दुष्काळी_माणदेशी

@शंकासुर, तुम्ही कधी शेतसारा भरलाय का हो? कर देणार नाही असं ते म्हणत नव्हते, आमच्याकडे जे आहे त्यात घ्या म्हणत होते. आमच्याकडे आजे-पणजे सांगायचे, इंग्रजांच्या काळात पीक आलं न आलं सारा रोख भरायचा, त्यासाठी सावकाराच्या दारात जायचं आणि मग जमीनच त्याच्या नावावर. १८७५ ला पुणे-नगरकडे शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले ते याच भानगडीतून. यांच्याकडे सावकारही नव्हता आणि नाणंही नव्हतं, मग चालते झाले, काय चुकलं?

शंकासुर

साल पण जवळजवळ तेच निघालं की. बरं, पॉइंट घेतला, अर्धा. पण कायदा म्हणजे कायदा, राज्याची हद्द काय गावकऱ्यांना विचारून ठरवायची? आमच्या बेळगाववाल्यांना विचारा.

बेळगावी_कुंदा

आम्हाला कशाला ओढताय, आम्ही १९५६ पासून ओढलेलेच आहोत 😀 पण खरंय, घर तिथेच, माणूस तिथेच, आणि एके दिवशी ऑफिसातल्या पाटीवरची भाषा बदलते. हे वाचून त्या लोकांबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली.

संपादक

सीमाप्रश्नावर आधीच चार धागे आहेत, इथे नको. अवांतर प्रतिसाद उडवले जातील.

अश्वत्थ

चांगला चाललाय धागा पण एक खटकलं म्हणून लिहितो. 'वसवलेलं' गाव म्हणताय, पण ती जागा रिकामी होती का? मोआपाच्या खोऱ्यात दक्षिणी पायूट लोक आधीपासून राहात होते आणि नुसते शिकार करून नाही, मका, भोपळा, घेवडा लावायचे, मडीच्या पाण्यावर. मॉर्मनांनी त्याच पाण्यावर पाट काढले. मॉर्मन निघून गेल्यावर १८७३ ला सरकारने पायूटांसाठी मोठं आरक्षित क्षेत्र जाहीर केलं, वीस लाख एकरांच्या घरातलं, आणि १८७५ ला ते कापून उरवलं १००० एकर. वीस लाखाचे हजार! आणि त्यांच्याही आधी तिथे पुएब्लो संस्कृतीची वस्ती होती, शेकडो वर्षं, मातीच्या घरांची, ती बाराव्या शतकाच्या सुमाराला संपली. तुमच्या सेंट थॉमसच्या शेजारी १९२४ पासून हॅरिंग्टन नावाच्या पुरातत्त्ववाल्याने ते सगळं खणून काढलं, 'लॉस्ट सिटी' म्हणतात त्याला. त्याचाही बराच भाग याच धरणाखाली गेला. त्यामुळे पहिल्यांदा आले, पहिल्यांदा गेले असं काही नाही, त्या मातीत हा क्रम जुनाच आहे.

निवडुंग

@अश्वत्थ, लॉस्ट सिटीचं म्युझियम ओव्हरटनला आहे, छोटंसं पण भारी. पाणी चढायच्या आत जेवढं वाचवता येईल तेवढं बाहेर काढायची धावपळ चालली होती, बेकारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतली पोरं खणायला होती. १९३५ ला ते म्युझियम त्यासाठीच उभं केलं. पायूटांबद्दल तुम्ही लिहिलंत ते वर टाकायलाच हवं होतं.

पुढचा भाग. मॉर्मन गेल्यावर गाव काही वर्षं असंतसंच, कोणी रिकाम्या घरांत घुसलं, कोणी घोडेचोर. १८८० च्या दशकात मॉर्मन हळूहळू परत आले, या वेळी हुकमाने नाही, आपखुशीने. तेच पाट, तीच खारवट जमीन, पण आता नेवाडाचे रीतसर रहिवासी. हा दुसरा डाव मला जास्त आवडतो कारण यात कोणी मसीहा नाही, नुसती नेटाने शेती करणारी माणसं.

१९१२ ला रेल्वेचा फाटा मोआपाहून सेंट थॉमसपर्यंत आला. ॲरिझोनाच्या बाजूला ग्रँड गल्च नावाची तांब्याची खाण होती, तिथलं धातुक खेचरं नि गाड्यांवरून इथे यायचं आणि डब्यात भरलं जायचं. भाजीपाला, फळं बाहेर जायला लागली. मग मोटारी आल्या. लॉस एंजेलिस ते सॉल्ट लेक सिटी असा ॲरोहेड ट्रेल नावाचा मोटार-रस्ता निघाला तो या गावातून, मग हॉटेल आलं, दुकान आलं, गॅरेज आलं, आइस्क्रीम पार्लर आलं! ऐन भरात वस्ती पाचशेच्या आसपास. नंतर विसाच्या दशकात रस्ता दुसरीकडून गेला आणि मोटारवाल्यांचं गिऱ्हाईक आटलं, पण शेती चालू होती.

वीज? नाही. नळ? नाही. मडीचं पाणी गढूळ, ते पाटातून आणून जमिनीखालच्या सिमेंटच्या टाकीत साठवायचं, गाळ तळाला बसू द्यायचा आणि वरचं वापरायचं. या टाक्या आजही दिसतात, जवळपास प्रत्येक घराच्या पायाशेजारी एक. मी एका टाकीच्या काठावर वाकून बघितलं तर आत अर्ध्यापर्यंत वाळलेला गाळ, त्याला भेगा पडलेल्या, आणि सिमेंटच्या गिलाव्यावर हाताने थापल्याचे वळ अजून तसेच. गवंड्याच्या बोटांचे. साठ-पासष्ट वर्षं त्या गिलाव्यावर तळ्याचं पाणी होतं.

मोगरा_९

ते गिलाव्याचं वाचून अंगावर काटा आला. आणि आइस्क्रीम पार्लर! वीज नसताना आइस्क्रीम कसं करायचे?

खवय्या_खोपोली

आपल्याकडे लाकडी पॉट असायचा की, बर्फ नि मीठ घालून हँडल फिरवायचं, मे महिन्यात पोरांना कामाला लावायचे. मीठ तर त्यांच्या दारातच होतं म्हणे. बर्फ रेल्वेने येत असणार.

शंकासुर

धागा फिरला आइस्क्रीमकडे. धरण कुठाय?

निवडुंग

आलं धरण.

१९२२ ला कोलोराडोच्या पाण्याचं वाटप ठरवणारा करार झाला, सात राज्यांत. १९२८ च्या डिसेंबरात काँग्रेसने धरणाचा कायदा केला. १९३१ ला काम सुरू, ७२६ फूट उंचीची भिंत, आणि १९३५ च्या फेब्रुवारीत बोगद्यांची दारं टाकून नदी अडवली. सरकारने सेंट थॉमसच्या जमिनी नि घरं विकत घेतली, काही लोक आधीच निघाले, स्मशानातली थडगी उकरून ओव्हरटनला नेली, रेल्वेचे रूळ उखडले.

पण बऱ्याच जणांचा विश्वासच नव्हता. धरण कुठे, तिकडे लांब ब्लॅक कॅनियनमध्ये, पाणी एवढं मागे आमच्यापर्यंत येईलच कसं? आणि आलं नाहीच की, एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. रोज थोडं थोडं चढत होतं. शेवटचा माणूस ह्यू लॉर्ड, ११ जून १९३८ ला पाणी त्याच्या घराच्या दारात आलं तेव्हा होडीत बसून निघाला. जाताना त्याने घर पेटवून दिलं असंही सांगतात. पोस्ट ऑफिस त्याच सुमारास बंद झालं, आणि बुडणाऱ्या गावाचा शेवटचा शिक्का मिळावा म्हणून तिकिटं जमवणाऱ्या लोकांनी देशभरातून पाकिटं धाडली होती. गावात राहणाऱ्या माणसांपेक्षा टपाल जास्त. हा प्रकार वाचून मला हसू आलं आणि मग थोडा रागही आला.

तळं पूर्ण भरलं की गावावर साठ फूट पाणी.

माझं म्हणणं एवढंच आहे की या गावाला वाळवंटाने हरवलं नाही. ऊन, हिवताप, खारी जमीन, वाहून जाणारे बांध, हे सगळं त्यांनी दोनदा पचवलं. दरवेळी निकाल लागला तो लांबच्या खोलीत, आधी रेल्वे कुठून न्यायची, मग हद्द कुठून न्यायची, मग रस्ता, मग पाणी. आणि त्या खोलीत यांच्यापैकी कोणीच नव्हतं.

अश्वत्थ

पटतंय, पण मग गाव वसवायचा हुकूम तरी कुठून आला होता? तोही सॉल्ट लेक सिटीतल्या खोलीतूनच. आणि पायूटांचे वीस लाख एकर कापले ते कोणत्या खोलीत?

शंकासुर

+१ अश्वत्थ. आणि भावनेच्या भरात एक विसरू नका, कोलोराडोच्या पाण्यावर आज चार कोटी माणसं आहेत. पाचशे माणसं हलवली. हिशेब करा.

सांगेकर

हिशेब आम्हाला नका सांगू हो. आमच्या गोव्यात सांगे तालुक्यात कुर्डी गाव आहे, म्हणजे होतं. साळावली धरणाखाली गेलं, १९८६ पासून पाण्यात. साधारण तीन हजार माणसं उठली, वाडे नि वालकिणीला वसवली. मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या, किशोरीताईंच्या मातोश्री, नावातच गाव आहे. भाऊसाहेब बांदोडकर स्वतः गावात येऊन सांगून गेले होते की धरणाचा सगळ्या गोव्याला फायदा होणार. झालाही असेल, दक्षिण गोव्याला पाणी मिळालं. पण दर वर्षी मे महिन्यात पाणी उतरलं की गाव वर येतं, सोमेश्वराच्या देवळापाशी लोक जमतात, म्हातारी माणसं पोरांना दाखवतात ही आमची ओसरी, ही तुळस इथे होती. मी आईला घेऊन गेलोय. ती चिखलातून सरळ आपल्या जोत्यावर जाऊन उभी राहिली, एकदाही चुकली नाही. नंतर सून विचारत होती की कसं ओळखलं, तर म्हणे न्हाणीघराच्या पायरीचा दगड वाकडा होता, बाबांनी कधी सरळ केला नाही.

तुमचं ते सेंट थॉमस कायमचं वर आलंय की कुर्डीसारखं ये-जा करतं?

भीमाकाठ

उजनीतही तेच, पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की उघडं पडतं. आमच्या इंदापूरकडची माणसं बोटीने जातात बघायला, रील काढतात. ज्यांची गावं गेली त्यांची नातवंडं आता उजनीच्या पाण्यावर ऊस लावतात आणि दुष्काळात तेच पाणी सोलापूरला सोडा म्हटलं की रस्त्यावर उतरतात. कोणाला काय बोलणार.

निवडुंग

@सांगेकर, तुमच्या आईंचं वाचून थांबलो जरा.

ये-जाचं असं आहे. १९४५ ला पाणी उतरून गाव थोडा वेळ दिसलं. मग साठच्या दशकात वरच्या बाजूला ग्लेन कॅनियन धरण भरायला घेतलं तेव्हा खालचं तळं उतरलं आणि गाव परत दिसलं, तेव्हा जुने रहिवासी येऊन भेटले होते. परत बुडालं. मग २००० नंतर जो दुष्काळ सुरू झाला त्यात २००२ च्या सुमारास बाहेर आलं ते आलंच. कुर्डीसारखं ऋतूवर नाही.

कालवा_निरीक्षक

पाटबंधारे खात्यातून रिटायर आहे, दोन शब्द टाकतो. मूळ दुखणं त्या १९२२ च्या करारात आहे. वरच्या राज्यांना ७५ लाख एकर-फूट (एक एकरावर एक फूट उभं राहील एवढं पाणी म्हणजे एक एकर-फूट), खालच्यांना ७५ लाख, पुढे १९४४ च्या तहाने मेक्सिकोला १५ लाख. बेरीज करा. करार करताना ज्या वर्षांचे आकडे धरले ती पावसाची भरभराटीची वर्षं होती. नदीत सरासरी तेवढं पाणी नाहीच. आपल्याकडे पण प्रकल्प अहवालात येवा (नदीतून येणारं पाणी) फुगवून धरायचा आणि मग कालव्याच्या शेपटाकडच्याने आयुष्यभर पाळीची वाट बघायची, ही पद्धत जुनी आहे. सही करून घेणारा बदली होऊन जातो.

त्यात नेवाडाच्या वाट्याला आले फक्त ३ लाख एकर-फूट, सगळ्यात कमी, कारण तेव्हा वेगास हे किरकोळ रेल्वे स्टेशन होतं. आज वेगासचं नव्वद टक्के पाणी याच तळ्यातून येतं. पातळी घसरत गेली तशी त्यांना तळ्याच्या अजून खालून पाणी ओढायला तिसरा बोगदा खणावा लागला, २०१५ ला पुरा झाला. जुलै २०२२ ला पातळी समुद्रसपाटीपासून १०४० फुटांवर आली, १९३७ मध्ये तळं भरत होतं त्यानंतरची सर्वात कमी. पहिला बोगदा तर तेव्हा उघडाच पडला होता. तर शंकासुरांनी चार कोटींचा हिशेब मांडला तो बरोबर, पण ज्या पाण्यासाठी गाव बुडवलं ते पाणी आता गावापर्यंत पोचत नाही हेही त्याच वहीत लिहा.

शंकासुर

हे मात्र लाजवाब. मान्य, वहीत लिहिलं. पण धरण नसतं तर वेगास आणि फिनिक्स उभीच राहिली नसती.

दुष्काळी_माणदेशी

नसती राहिली तर काय बिघडलं असतं 😀

शंकासुर

निवडुंगचा भाऊ सोलापुरात राहिला असता.

मोगरा_९

😂😂 बरं आता तिथे नेमकं दिसतं काय ते सांगा, नुसता इतिहास नको. आणि फोटो!!

निवडुंग

भावाने फोटो पाठवले पण साइझ मोठी म्हणून चढत नाहीत, तांत्रिक विभागात विचारतो. तोवर शब्दांवर भागवा.

गाडी उभी करून टेकाडावरून खाली उतरायचं, अडीच मैलांची गोल पायवाट आहे. पहिलं काय वाटतं तर निराशा, कारण कच्च्या विटांची घरं पाण्यात विरघळली, उरलं फक्त सिमेंट काँक्रीट. घरांचे पाये, त्या टाक्या, आणि शाळेच्या पायऱ्या, चढून गेलं की वर काहीच नाही. सगळ्यात उंच उभं काय आहे सांगू, त्या आइस्क्रीम पार्लरची चिमणी. ठाण मांडून उभी आहे.

मग हळूहळू नजर बसते. वाळलेल्या बुंध्यांच्या सरळ रांगा दिसतात, रस्त्याच्या दोन्ही कडांना लावलेली झाडं होती ती, त्यामुळे रस्ते कुठून जात होते ते कळतं. जमिनीवर सगळीकडे शिंपले, पायाखाली कुरकुर वाजतात. आणि टॅमरिस्क नावाचं झुडूप माजलंय नुसतं, आपल्या वेड्या बाभळीचा भाऊ, बाहेरून आणलेलं आणि आता हटत नाही. वाट सोडून आत गेलात तर ओरबाडून काढतं.

खवय्या_खोपोली

वाळवंटात आइस्क्रीमच्या दुकानाला चिमणी?

निवडुंग

हिवाळ्यात रात्री गोठणबिंदूपर्यंत जातं हो तिथे. जानेवारीत आइस्क्रीम कोण खाणार, शेकत बसत असतील.

सिंहगडची_वाट

वाचनखूण साठवली. मार्चमध्ये वेगासला जायचंय, सोबत आई-बाबा (सत्तरीचे, बाबांचा गुडघा). जमेल का? आणि पाणी परत चढून गाव बुडायची शक्यता आहे का, म्हणजे आत्ताच जायला हवं का?

निवडुंग

@सिंहगडची_वाट, मार्च उत्तम. मे ते सप्टेंबर चुकूनही नको, सावली म्हणून एक झाड नाही आणि उन्हाने माणसं दगावलेली आहेत त्या परिसरात. पायवाट बरीचशी सपाट आहे, पण सुरुवातीचा उतार येताना चढावा लागतो, तो बाबांना जड जाईल. ते वरच राहिले तरी टेकाडावरून पूर्ण गावाची आखणी दिसते, उलट वरूनच जास्त नीट कळते. शेवटचे काही मैल कच्चा रस्ता आहे, कोरडा असेल तर साधी गाडी जाते, पाऊस झाला असेल तर नका नेऊ. पाणी माणशी दोन लिटर तरी. पार्कचं प्रवेश शुल्क आहे. सकाळी गाव करा, मग ओव्हरटनला जेवण आणि म्युझियम, परतताना व्हॅली ऑफ फायर, लाल दगडांची, ती आई-बाबांना गाडीतूनही दिसेल. बुंधे, काचा, पत्रे काही पडलेलं दिसलं तर उचलू नका, कायद्याने गुन्हा आहे.

बुडायचं म्हणाल तर २०२३ ला बर्फ भरपूर पडलं म्हणून तळं थोडं वर आलं होतं, पण गावापर्यंत यायला अजून बरंच चढावं लागेल. @कालवा_निरीक्षक जास्त सांगतील.

कालवा_निरीक्षक

मार्चपर्यंत तरी काही होत नाही. जाऊन या.